टिचबटणाचा पट्टा

"वाक."

"वाकले."

"अशी नाही गं आई! शेंगदाणे सांडलेत आणि चार बायका बघतायत, अशी वाक."

आई पुन्हा वाकली. जांभळ्या साडीखाली, डाव्या कमरेवर, एक टेंगूळ वर आलं. कपाळावर येतं तसंच, फक्त चौकोनी.

"दिसलं!" मी पलंगावर उभी राहून ओरडले.

"अगं हळू. खालच्यांना वाटेल चोर सापडला."

"मग काय, सापडलाच की!"

आईने कमरेवर हात मारून उजव्या हाताने 'बाळ्या' बाहेर ओढला. बाळ्या म्हणजे आमचं लाकडी पिस्तूल. आईबरोबर पोलिसात असलेल्या खैरनारकाकांनी तुटलेल्या बॅटच्या फळीतून कापून आणलेलं, खऱ्याएवढं जड व्हावं म्हणून पोटात खिळे ठोकलेलं. खरं पिस्तूल घरी आणत नसत. ड्युटी संपली की शस्त्रागारात जमा. आईने बाळ्याला जोरात ओढलं आणि तो आला, पण एकटा नाही आला. चामड्याचं कव्हर, त्याची क्लिप, साडीचा एक चुण्यांचा गठ्ठा, सगळी वरात बरोबर घेऊन आला.

मी पलंगावर आडवी पडून हसले. आई नाही हसली. ती हातातल्या कव्हरसकट पिस्तुलाकडे बघत राहिली.

"हे असं झालं ना जुई," ती म्हणाली, "तर समोरच्याला मी कव्हर दाखवत बसेन."

माझं हसू तिथंच थांबलं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी आठवीत होते तेव्हाची. आता दहावीत आहे, वक्तृत्वात शाळेचं नाव काढते, आणि बाई म्हणतात की गायधन्यांच्या जुईला गप्प करायला घंटा वाजवावी लागते. पण तेव्हा नुकतंच कुठे मला तोंड फुटलं होतं. सातवीपर्यंत मी वर्गात 'हजर' सुद्धा इतकी हळू म्हणायचे की गैरहजेरी लागायची. त्यामुळे आईने जेव्हा म्हटलं, "दिसतंय की नाही ते तूच सांगायचं, मी दुसऱ्या कोणाला विचारणार नाही," तेव्हा मला एकदम न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं.

आई नाशिकला पोलिसात हवालदार. सगळी वर्षं वाहतूक शाखेत, शिट्टी आणि धूर. साध्या वेशातली ही तिची पहिलीच ड्युटी. प्रणिता नावाची एक मुलगी होती, औषधाच्या दुकानात कामाला. तिने मनाने लग्न केलं होतं, रजिस्टर. तिच्या दोन भावांनी सांगून ठेवलं होतं की रविवारी सासरच्यांनी ठेवलेल्या लग्नाच्या कार्यक्रमात मांडवात येऊन उचलून नेऊ, आणि नेता आलं नाही तर तिथंच काय ते करू. तक्रार झाली, संरक्षण मिळालं. पण प्रणिताने एकच अट घातली: वर्दी नको. म्हणून खैरनारकाका वाढपी होणार आणि आई होणार नवऱ्यामुलाची लांबची मावशी, दिवसभर प्रणिताच्या खांद्याला खांदा लावून.

मावशीच्या साडीत पिस्तूल कुठे ठेवायचं, हा प्रश्न कोणालाच आधी पडला नव्हता. ऑफिसातली कव्हरं सगळी पँटवाल्यांसाठी. एकजण म्हणाला, पर्समध्ये टाका. त्यावर आई म्हणाली होती, "पर्स बाई जेवायला बसली की बाजूला ठेवते, आणि मग कोणाचं तरी पोर तिच्यात चॉकलेट शोधतं."

तेव्हा ठरलं ते असं. परकरावर एक घट्ट बेल्ट, परकर आणि बेल्टच्या मधे कव्हर, कव्हरची क्लिप बेल्टवर, त्यावरून साडी, त्यावरून पदर. उजवा हात पदराखालून डावीकडे जाणार. ऐकायला सोपं. पण सगळं येऊन अडलं होतं त्या दोन बोटांच्या क्लिपवर.

शुक्रवारी संध्याकाळी खैरनारकाका आले ते एक प्लास्टिकची पिशवी खुळखुळवत.

"घ्या ताई, अख्ख्या शाखेच्या कमरा उघड्या करून आलो." त्यांनी पिशवी पलंगावर उलटी केली. नुसत्या क्लिपाच क्लिपा.

"तुम्ही कोणती लावता काका?" मी विचारलं.

"मी? माझ्या पोटाखाली तोफ ठेवली तरी कळायची नाही. आपलं काम देवानेच करून ठेवलंय."

पहिली, मघाशी वरात काढणारी, कव्हरवर आधीपासूनच होती, पत्र्याची, पेनाच्या टोपणासारखी सरळ. नुसती चिमटा काढून बसायची. ती बाद. दुसरी काळी, प्लास्टिकची, जाडजूड. तिला खाली हुक होता, तो बेल्टच्या खालच्या कडेला असा अडकायचा की काकांनी ओढलं तर आई पुढे आली पण क्लिप नाही आली. पण साडीवरून बघितलं तर कमरेला मोबाइल चिकटवल्यासारखा. तिसरी बारीक पोलादाची, चपटी, टोक आतल्या बाजूला वळलेलं, पोपटाच्या चोचीसारखं. आणि चौथी खरं तर क्लिप नव्हतीच. चामड्याचा छोटा पट्टा. बेल्टभोवती गुंडाळायचा आणि टिचबटण लावायचं.

"हा कुणाचा आजोबा?" मी म्हटलं.

"जुना माल आहे," काका म्हणाले. "लावायला वेळ लागतो, काढायला त्याहून. वर बटणाचा फुगा येतो. राहू दे."

आजोबा बाजूला पडले. चोचवाली लावली. माझ्या शाळेच्या गणवेशाचा बेल्ट आईच्या कमरेला नेमका बसत होता, म्हणून तोच घेतला होता. आई चालली, खुर्चीवर बसली, उठली, जिना चढून आली. बाळ्याला ओढलं तर बाळ्या एकटा बाहेर आला आणि कव्हर जागेवर.

"वा!" काका म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. पलंगावरून उतरून मी आईभोवती फिरले. "अजून दिसतंय. कमी दिसतंय, पण दिसतंय."

"कुठे दिसतंय? मला नाही दिसत."

"तुम्ही पुरुष आहात काका. लग्नात बायका बायकांच्या साड्या बघतात. पोत, काठ, कितीला घेतली, सगळं. इथे बघा, पिस्तूल जिथे सगळ्यात जाड, बरोबर त्याच्यावर क्लिप बसलीये. पोटावर पोट."

काकांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "मला बोलतेस का गं?"

"क्लिप बाजूला सरकवा ना. पिस्तुलाच्या डोक्यावर नको, शेजारी."

कव्हरच्या कडेला भोकं होतीच, कोणी वापरत नव्हतं इतकंच. काकांनी स्क्रू काढून क्लिप कडेला लावली. एका बोटाची जाडी तरी गेली असेल. चकचकीत पोलाद चमकू नये म्हणून मी तिला जांभळं नेलपॉलिश लावलं, तर ती आणखीच चमकायला लागली. मग पॉलिश पेपर घासून तिला पार मळकट करून टाकली. काका म्हणाले, "हिला खात्यात घ्या." मी त्या रात्री फुगून झोपले.

शनिवारी सकाळपासून मात्र माझं काहीतरी बिघडलं. शाळेत लक्ष लागेना. मधल्या सुट्टीत डबा उघडून तसाच मिटला. मैत्रीण म्हणाली, "काय गं, पाय काय हलवतेस, बाक हलतोय सगळा." आदल्या रात्री मी फक्त टेंगूळ बघत होते. दिसतंय, नाही दिसतंय, खेळ नुसता. वर्गात फळ्याकडे बघता बघता मला पहिल्यांदा कळलं की ते नाही दिसलं तर आई जाणार आहे. तिथे. त्या दोघांच्या समोर.

संध्याकाळी काका पुन्हा आले. देवरे मॅडमना, म्हणजे आईच्या साहेबांना, कळवायचं होतं. मॅडमनी सांगितलं होतं की तुमचं तुम्हीच ठरवा, पण पिस्तूल दिसणार असेल तर मला स्पष्ट सांगा. आईने साडी नेसली, सगळं लावलं, पदर खांद्यावर पिन केला आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"हां, न्यायाधीश. बघा."

मी बघितलं. पुढून, मागून, खिडकीच्या उजेडात. काही नव्हतं. गुळगुळीत साडी, तिच्यात माझी आई.

"चल."

चालली.

"हात वर कर."

केला. काही नाही.

माझ्या जिभेवर शब्द तयार होता. 'दिसतंय.' एवढंच म्हणायचं. आई माझ्यावर विश्वास ठेवणार, काका मॅडमना फोन करणार, दुसरं कोणीतरी जाणार, आणि रविवारी आई घरी थालीपीठ लावणार. बाबा एसटीवर, मुंबईच्या फेरीला. त्यांना कळणारही नाही. मी नुसतीच तिच्याभोवती फिरत राहिले. एक फेरी, दुसरी फेरी.

"प्रदक्षिणा घालतेस का?" काका म्हणाले. "सांग की. मला मॅडमना फोन लावायचाय."

"आई," मी म्हणाले, "समजा दिसत असलं. तर तू नाही ना जाणार?"

"जाणार."

"पण मॅडम म्हणाल्या..."

"मॅडम म्हणाल्या दिसणार असेल तर सांगा. मी सांगणार, आणि पिस्तूल जमा करून तशीच जाणार." ती सहज म्हणाली, दूध आणायला जाते म्हणावं तसं.

"तशीच? नुसती?"

"मग काय. ती पोरगी एकटी बसेल का तिथे?"

"पण काकांकडे असेल ना! दारातल्या बाकीच्या पोलिसांकडे असेल! तू कशाला एवढं लपवायचं? दिसलं तर बरंच की. तिचे भाऊ बघतील आणि घाबरतील."

आई काकांकडे बघून थांबली. मग पलंगाच्या कडेला टेकली.

"भावांपासून नाही लपवायचं गं. ते घाबरले तर मला काय, हवंच आहे." तिने पदर नीट केला. "प्रणितापासून लपवायचंय. तिच्या थोरल्या भावाने तिला घरी ते दाखवलं होतं. ताटाशेजारी ठेवून जेवायला बसवलं होतं तिला, आठवडाभर. जबाब देताना मला म्हणाली, ताई, माझ्या लग्नात मला ते कोणाच्याच कमरेला दिसायला नको. तुमच्यासुद्धा. मी तिला म्हटलं, नाही दिसणार."

काकांनी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला.

जिभेवरचा तो शब्द मी गिळून टाकला. आणि मग मला कसला तरी झपाटाच आला.

"ऊठ," मी आईला म्हणाले. "परत सगळं. पहिल्यापासून."

"अगं झालं ना काल."

"काल मी खेळत होते. ऊठ!"

मी तिला पळवलं. गिरकी घ्यायला लावली. गळ्यात पडून घट्ट मिठी मारली, बायका मारतात तशी, आणि डाव्या बाजूला कोपर लागतंय म्हणून तिला उजवीकडून मिठी मारायची सवय करवली. काका म्हणाले, "ताई, ही मॅडम झाली की मी राजीनामा देणार."

"उद्या तू नक्की कुठे असणार? उभी?"

"विधी चालू असताना तिच्या मागे."

"आणि जेवताना?"

"बुफेत काय, ताट घेऊन शेजारी."

"बुफे नाही," काका मधेच म्हणाले. "पंगत आहे. मुलाच्या आईची हौस. मी जिलबी वाढणार आहे, विसरलात?"

"पंगत म्हणजे टेबलावर?"

"खाली. पाट मांडून."

मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं. दोन दिवसांत आम्ही आईला खुर्चीवर बसवलं होतं, पलंगावर बसवलं होतं, काकांनी तर मोटरसायकलवर बसून दाखवलं होतं. खाली मांडी घालून कोणी बसलंच नव्हतं. शाखेतली माणसं खुर्चीत आणि जीपमध्ये बसतात. क्लिपा त्यांच्या.

"बस," मी म्हणाले.

आई फरशीवर मांडी घालून बसली. मांडी वर आली, कव्हरच्या खालच्या टोकाला टेकली आणि त्याला वर ढकलायला लागली. माझा गणवेशाचा बेल्ट ताणला गेला, इलॅस्टिकच तो. काल एवढी घट्ट बसलेली चोच बेल्टच्या कडेवरून टचकन सुटली. बाळ्या पदराखालून तिरका बाहेर आला आणि मुठीसकट आईच्या मांडीवर आडवा पडला. जिथे उद्या ताट असणार होतं, तिथे.

आईचा चेहरा पांढरा पडला. काका उभेच राहिले.

"प्लास्टिकची लावू," ते म्हणाले. "तिचा हुक मोठा आहे."

"ती दिसते," आई म्हणाली.

"मग तुम्ही जेवायला बसू नका ताई."

"पंगतीत नवऱ्यामुलाची मावशी उभी राहिली तर सगळे विचारतील, काय झालं, रुसली का." आई बेल्टकडे बघत होती. "राहू दे. मी तशीच..."

"थांब गं तू!" मी ओरडले. आईवर असं मी पहिल्यांदाच ओरडले असेन. मी पिशवी पुन्हा पलंगावर उलटी केली. सारख्या क्लिपा हातातून निसटत होत्या. पत्र्याची नको. प्लास्टिकची नको. चोच वरून अडकते, म्हणून वर ढकललं की सुटते. मग न सुटणारं काय? जे वरूनही आहे आणि खालूनही आहे.

आजोबा. टिचबटणाचा पट्टा.

"काका, हा गोल आहे! बेल्टच्या सगळ्या बाजूंनी. ढकला नाहीतर ओढा, जाणार कुठे?"

"बटणाचा फुगा येतो, सांगितलं ना."

"काल पोटावर पोट होतं, ते आपण शेजारी नेलं. हेही शेजारी न्या. फुगा मागे जाईल, कमरेच्या खळग्यात, जिथे साडीला आधीच घड्या पडतात."

काका स्क्रू फिरवायला लागले. मी कपाटातून माझा एनसीसीचा बेल्ट काढला, जाड सुती पट्ट्याचा, जो ताणला म्हणून ताणत नाही. तो रुंद होता, आणि पट्टा त्याच्यावरून कसाबसा पुरला. पण पुरला. कव्हर आम्ही एक भोक वर घेतलं, म्हणजे खालचं टोक मांडीला भिडू नये. बटण लागेना. आईने पोट आत घेतलं, मी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, आणि मग ते लागलं.

टिच!

"बस."

आई बसली. वरण वाढून घेतल्यासारखी पुढे झुकली. शेजारच्या बाईकडे मीठ मागितल्यासारखी वळली. मी तिच्यासमोर, अगदी नाकासमोर, पालथी पडून बघत होते. साडीच्या घड्या, काठ, पदर.

"आता काढ."

तिचा हात पदराखाली गेला आणि आला. बाळ्या एकटा.

"परत."

एकटाच.

"काका," मी फरशीवरूनच म्हणाले, "मॅडमना फोन लावा. नाही दिसत."

माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे. आई माझ्याकडे बघत होती. मग पाय सोडून बसली आणि मला जवळ ओढलं. उजवीकडून.

रविवार कसा गेला ते मला विचारू नका. मी घर झाडलं. परत झाडलं. गॅलरीत जाऊन आले, भांडी घासली, स्वच्छ असलेली पण घासली. टीव्ही लावला आणि बंद केला. फोन करायचा नाही असं आईने बजावलं होतं. मी फोन हातात घेऊन बसले आणि मग तो कपाटात ठेवला, आणि मग कपाटासमोर बसले.

दिवे लागायच्या वेळी आई आली. केसांत कोणीतरी माळलेला गजरा, कपाळावर विस्कटलेलं कुंकू, साडीला जिलबीचा वास.

"आले होते?" मी दारातच विचारलं.

"आले होते. दोघं. पंगत बसल्यावर."

"मग?"

"खैरनारने जिलबीचं ताट घेऊनच अडवलं. धाकटा त्याला ढकलून आत आला, अगदी आमच्या पानांपर्यंत." ती चपला काढत होती, एकच चप्पल, पुन्हा पुन्हा. "माझा हात पदराखाली गेला होता. मूठ धरली होती मी. तेवढ्यात दारावरच्या आमच्या पोरांनी त्याला मागून धरलं आणि नेलं. दोघांनाही नेलं."

"आणि प्रणिता?"

"घाबरली. मला चिकटली. मग थोड्या वेळाने मला म्हणते, मावशी, तुम्ही काहीच जेवला नाहीत, डाव्या हाताने तरी मठ्ठा प्या, उजवा पदरात काय धरून बसलाय!" आई हसली. "तिला वाटलं मला थंडी वाजतेय."

ती पलंगावर बसली. पिस्तूल जमा करून आली होती. कव्हर मात्र अजून कमरेलाच होतं. तिने साडीखाली हात घातला, बटण शोधलं, ओढलं. नाही निघालं. पुन्हा ओढलं. तिची बोटं बटणावरून घसरत होती. दिवसभर स्थिर राहिलेले हात, आता एक टिचबटण त्यांना उघडेना.

"जुई," ती म्हणाली, "हे काढ गं."

मी गुडघ्यांवर बसले. साडी बाजूला केली, अंगठा खाली घालून बटण उचकटलं, पट्टा सोडवला, बेल्ट सोडवला. कव्हर बाजूला ठेवलं आणि परकर जरा खाली केला.

डाव्या कमरेवर कव्हरच्या कडेचा सगळा आकार उमटला होता. लालभडक, एका ठिकाणी सोललेला. दोन दिवस मी त्याच जागेकडे डोळे फाडून बघत होते. दिसतंय का, सुटतंय का. टोचतंय का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"आई! हे कधीपासून?"

"सकाळपासूनच. बसलं की जास्त." तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवलं. "पुढच्या वेळी आतून काहीतरी मऊ लाव."

"पुढच्या वेळी?"

"पुढच्या शनिवारी कोर्टात जायचंय तिला. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच जा."

खोबरेल तेलाची बाटली आणून मी तिच्या कमरेला तेल लावलं, अगदी हळू. ती झोपेत गेल्यासारखी बसून राहिली. मग मी आतल्या खोलीत जाऊन जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं आणि मऊ कापड शोधायला लागले. कोर्टात बाकं असतात, म्हणजे मांडी नाही. पण तिथे जिने असणार.